१०६ टक्के पाऊस, स्वस्तातली बॅग आणि ग्रुपवरचा आलेख

२०२५ च्या पेरणीच्या तोंडावर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं, वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. सगळं छापता येत नाही म्हणून थोडक्यात सांगते. मालक, म्हणजे नवरा, पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतात, घरी सासूबाई आणि नववीतला मुलगा, चार एकर कोरडवाहू, आणि यंदापासून शेतीचं सगळं ताईंच्या अंगावर. त्या लिहितात: "दुकानदार म्हणतो सोयाबीन बियाण्याची ३० किलोची बॅग ३,१५० ला हाय आन २५ किलोची २,७५० ला, २५ ची घ्या, ४०० रुपयानं स्वस्त पडती. दीर म्हणायलेत यंदा १०६ टक्के पाऊस सांगितलाय, शंभराच्या वर म्हणल्यावर शंका कशाची, पहिल्या पावसावर पेरून टाका. मुलगा मोबाईल बघून म्हणतो शनिवारी ५० टक्के आन रविवारी ५० टक्के, म्हणजे दोन दिवसात पक्का. घरात २२ क्विंटल सोयाबीन पडलंय, ग्रुपवर भावाचा आलेख आलाय, रेघ सरळ वर चाललीय, सगळे म्हणायलेत विकू नका. बचत गटाचे एक लाख डोक्यावर हायत, शेकडा दोन रुपयानं. मी दहावीला गणितात नापास झालेली, मला यातलं काही कळंना, कुणाचं ऐकू?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात एक गोष्ट दिसली जी तुम्हाला स्वतःला दिसलेली नाही. व्याजाचा आकडा लिहिताना तुम्ही "शेकडा दोन रुपये" लिहिलंय, नुसतं "दोन रुपये" नाही. म्हणजे शंभरामागं महिन्याला दोन. तो कशामागं हे तुम्ही आपोआप लिहिलंत कारण तो पैसा तुम्हाला भरायचाय. आता दुकानदाराचा, दिराचा, पोराचा आणि ग्रुपवरचा आकडा परत बघा, एकाच्याही पुढं कशामागं ते लिहिलेलं नाही. ४०० रुपयानं स्वस्त, पण कशामागं? १०६ टक्के, पण कशाचे? सगळा घोळ तिथं आहे, तुमच्या दहावीच्या मार्कात नाही. मी परभणीकडच्या शाळांमधून बरीच वर्षं गणित शिकवलंय त्यामुळं हे मनापासून सांगते, वर्गात पहिली येणारी लेकरंसुद्धा हा प्रश्न विचारत नाहीत.

बॅगेचं आधी उरकून टाकू, ते सोपंय. ३,१५० भागिले ३० म्हणजे किलोला १०५ रुपये. २,७५० भागिले २५ म्हणजे किलोला ११०. झालं, स्वस्त म्हणून सांगितलेली बॅग किलोमागं पाच रुपयानं महाग आहे. आणि तेवढ्यावर भागत नाही, कारण एकराला ३० किलो बियाणं धरतात, चार एकराला १२० किलो, ते ३० च्या चार बॅगेत नेमकं बसतं, १२,६०० रुपये. २५ च्या चार बॅगा घेतल्या तर १०० किलोच होतात, मग पाचवी घ्यावी लागते, १३,७५०. म्हणजे "४०० नं स्वस्त" घ्यायला गेलात तर ११५० जास्त जातात. अर्थात दोन्ही बॅगेत वाण एकच असेल आणि लेबलवरची उगवण सारखी असेल तरच हा हिशोब लागू होतो, वाण वेगळं असेल तर तो विषय वेगळा.

पण माझं म्हणणं असंय की बॅग घ्यायच्या आधी घरातल्या सोयाबीनकडं बघा. तुम्ही संकरित काही पेरत नाहीत, सोयाबीन सरळ वाण असतं, घरचं बियाणं चालतं, फक्त त्याची उगवण तपासावी लागते. आणि ही तपासणी म्हणजेच संभाव्यता बरं का, शाळेत जी नाणं आणि फाशावर शिकवतात आणि मग लेकरं म्हणतात याचा उपयोग काय.

आमच्या वडिलांनी एका वर्षी काय केलं, वाटीत ओला फडका घातला, दहा दाणे टाकले, पाच दिवसांनी नऊ उगवले. वडील खुश, नव्वद टक्के उगवण म्हणून पाच एकर घरच्या बियाण्यानं पेरून मोकळे. उगवलं विरळ, जागोजाग तुटाळ, आई आणि आम्ही बहिणी आठ दिवस नांगे, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भरत होतो. नंतर मी उरलेल्या पोत्यातले शंभर दाणे मोजून लावले तर उगवले ६४. म्हणजे वडिलांचे नऊ दाणे खोटे नव्हते, ते दहाच होते एवढंच. उगवण ६४ टक्के असलेल्या बियाण्यातून दहा-दहा दाणे उचलत राहिलं तर बारा-तेरा वेळात एकदा नऊ किंवा दहाच्या दहा उगवतात, आणि वडिलांच्या हाताला नेमकी तीच वेळ लागली. शंभर दाणे घेतले की असं फसवणं फार अवघड होतं, तीन-चारशे घेतले की जवळजवळ होतच नाही.

तर तुम्ही असं करा. पोत्याच्या वरचे, मधले, तळाचे असे मिसळून दाणे घ्या, चांगले चांगले वेचू नका, आपला हात आपोआप टपोरा दाणा उचलतो, त्यामुळं डोळे झाकून मूठ भरा. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा, वरून दुसरा ओला तुकडा टाका, सैल गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा पण चिखल करू नका. अशा तीन गुंडाळ्या. पाचव्या-सातव्या दिवशी उघडून नीट मोड आलेले मोजा, नुसते फुगलेले, बुरशी धरलेले किंवा अर्धवट फुटलेले सोडून द्या. समजा तिन्हीत ६१, ६७ आणि ६४ आले, तर १९२ भागिले ३००, म्हणजे ६४ टक्के. तिन्ही आकडे वेगळे आले म्हणून घाबरू नका, तेवढा फरक पडतोच, पण एकात ८५ आणि दुसऱ्यात ५० आलं तर काहीतरी चुकलंय, परत लावा.

आता एकराला ३० किलो जे सांगतात ते ७० टक्के उगवण धरून, प्रमाणित बियाण्याला किमान तेवढी लागते. तुमची ६४ असेल तर ३० गुणिले ७० भागिले ६४, म्हणजे जवळपास ३३ किलो. उगवण ६० निघाली तर ३५ किलो. चार एकराला ३३ च्या हिशोबानं १३२ किलो, आज मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ४४ रुपये किलोनं जे विकलं जाईल तेच धरलं तर ५,८०८ रुपये, वर थोडा बीजप्रक्रियेचा खर्च. विकतच्या १२,६०० ला बघा. ६० च्या खाली आलं तर मात्र मी तरी घरचं पेरायचं म्हणणार नाही, कागदावर ५० किलो टाकून रोपांची संख्या भरून निघते पण तसलं बियाणं जीव धरून उगवत नाही, वर मातीची पपडी धरली की तेवढ्यातच मरतं. आणि एक, सोयाबीनचं टरफल लई नाजूक, पोतं वरून आपटलं की आतली उगवण गेली, तर निवडायला देताना हमालाला आणि पोराला दोघांनाही सांगून ठेवा.

खताचं तुम्ही विचारलं नाही पण ओघात सांगते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला, म्हणजे किलोला सहा रुपयाच्या आत. पण दुकानात त्याच्यासोबत नको असलेली खता-औषधाची बाटली गळ्यात मारतात, मला स्वतःला २२५ ची मारली होती, तेव्हा ती गोणी २६६ ला पडत नाही, ४९१ ला पडते, किलोला जवळपास ११. घरी हिशोब लिहिताना हाच आकडा लिहा, तुमच्या खिशातून गेलेला. आणि तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडं करता येते, ती करा.

आता पाऊस. इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण दरवर्षी या एका आकड्यापायी आपल्याकडची माणसं हजारो रुपये मातीत घालतात.

१०६ टक्के ही शक्यता नाहीच, ताई. हवामान खात्यानं २०२५ च्या एप्रिलमध्ये १०५ सांगितलं होतं, मे अखेरीला ते १०६ केलं. कशाचे १०६ टक्के? सगळ्या देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस ८७ सेंटीमीटर धरलाय, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून, त्याच्या १०६ टक्के म्हणजे साधारण ९२ सेंटीमीटर. त्यात पुन्हा अंदाज चार-पाच टक्के इकडंतिकडं होऊ शकतो हे तेच सांगतात. म्हणजे केरळपासून आसामपर्यंत सगळ्या देशाची मिळून, चार महिन्यांची मिळून बेरीज. त्यात औसा कुठं आणि जूनचा दुसरा आठवडा कुठं? सरासरीइतका पाऊस झालेल्या वर्षीही आपल्याकडं जूनमध्ये वीस-वीस दिवस दडी मारतो आणि मग सप्टेंबरात दोन दिवसात वावर वाहून नेतो, बेरीज बरोबर येते, शेतकरी बुडतो. शंभराच्या वर आहे म्हणून खात्री, हे दिरांचं बोलणं म्हणजे पोराला पहिल्या चाचणीपेक्षा सहा टक्के जास्त मार्क पडले म्हणून तो पास झालाच असं म्हणण्यासारखं आहे, पहिल्या चाचणीला किती होते ते बघावं लागंल की नाही.

खरी शक्यता ती जी पोरगा मोबाईलवर बघतो. ५० टक्के म्हणजे असे दहा दिवस घेतले तर साधारण पाच दिवस पाऊस पडतो, पाच दिवस नाही. आता शनिवारचे ५० आणि रविवारचे ५० मिळून १०० होत नाहीत, पोराला विचारा की सोमवारचे ५० पण असले तर मग १५० टक्के पाऊस पडणार का? उलट बाजूनं धरायचं. शनिवार कोरडा जायची शक्यता निम्मी, त्या निम्म्यातला रविवारही कोरडा जायची परत निम्मी, म्हणजे चारात एक. चारात तीन वेळा दोनपैकी एक दिवस तरी पाऊस येईल. ७५ टक्के, तेही दोन दिवसांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून, आणि पावसाचं तसं नसतं, एक दिवस हुलकावणी दिली की दुसऱ्या दिवशीही बऱ्याचदा देतो. त्यामुळं ७५ पेक्षा कमीच समजा. आणि त्यातला "पाऊस" म्हणजे दोन मिलिमीटरचा शिडकावा पण असू शकतो.

रेडिओवर "तुरळक ठिकाणी" म्हणतात ना, त्यालासुद्धा आकडा आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या शंभर ठिकाणांपैकी पंचवीस किंवा कमी, काही ठिकाणी म्हणजे पन्नासपर्यंत, त्याच्या वर बऱ्याच ठिकाणी, आणि पंचाहत्तरच्या वर गेलं की जवळजवळ सगळीकडं. "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस" ऐकून पेरणीची तिफण काढायची नसते.

मग पेरायचं कधी, तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि ते मोजायला काही यंत्र लागत नाही. उभ्या कडांचा डबा घ्या, तळ आणि तोंड सारखं असलेला, निमुळता नको, बादली तर अजिबात नको. अंगणात झाडापासून आणि पत्र्याच्या वळचणीपासून लांब, विटांच्या मधे बसवून ठेवा म्हणजे वाऱ्यानं पडायचा नाही. सकाळी पोराची पट्टी उभी घालून बघा, पाणी दीड सेंटीमीटर आलं तर १५ मिलिमीटर पाऊस. लिहून ठेवा, डबा रिकामा करा. डबा लहान असो का मोठा, उंची तीच येते. बेरीज थोड्याच दिवसात साडेसात सेंटीमीटरच्या पुढं गेली आणि माती टिचभर खोल ओली निघाली की मग. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर चार हजार लिटरच्या वर पाणी, ७५ मिलिमीटर म्हणजे तीन लाख लिटर, दहा हजारी टँकरच्या तीस खेपा. ज्या जिल्ह्यानं २०१६ ला रेल्वेनं पाणी येताना बघितलंय त्याला टँकरच्या भाषेत लवकर कळतं म्हणून सांगितलं. यंदा, म्हणजे २०२५ ला, २४ मेलाच मान्सून केरळात आला, आपल्याकडंही मे महिन्यातच वावरं भिजली, त्यामुळं सगळ्यांना घाई सुटलीय, पण त्या मेच्या पाण्यावर आता वरचा थर कोरडा पडलाय का ते खुरप्यानं उकरून बघा.

आणि घाईची किंमत काढा. सासूबाईंना शांतपणे विचारा, मागच्या दहा वर्षात आपल्या शिवारात दुबार पेरणी कितीदा झाली. वर्ष त्यांना आठवायचं नाही पण "अमक्याचं लग्न होतं त्या साली" असं बरोबर सांगतील. समजा तीनदा म्हणाल्या. घरचं बियाणं १,४५०, ट्रॅक्टरची पेरणी १,०००, डीएपी खताची गोणी १,३५०, असे एकरी ३,८००, चार एकराचे १५,२०० मातीत. दहात तीनदा म्हणून सरासरी वर्षाला ४,५६० चा धोका. पण ताई, तुम्हाला ४,५६० कधीच भरावे लागणार नाहीत, एक तर शून्य नाहीतर १५,२००, आणि दुसऱ्या वेळी घरचं बियाणंही संपलेलं असणार. सरासरी त्याच्या कामाची जो दहा वर्षं तोटा खाऊन उभा राहू शकतो, डोक्यावर गटाचं कर्ज असलेल्या बाईनं सगळं एका डावावर लावू नये. सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येतं, आठ-दहा दिवस थांबल्यानं फार बिघडत नाही. दीर फारच मागं लागले तर एक एकर त्यांच्या म्हणण्यानं, तीन तुमच्या डब्याच्या म्हणण्यानं.

राहिला आलेख. तुम्ही तो पाठवलाय, बघितला. खालची रेघ ४,२०० ला सुरू होते आणि वरची ४,४५० ला संपते. भाव ४,२३० वरून ४,४१० ला आलाय, १८० रुपये, शेकडा सव्वाचार. पण खालचे ४,२०० कापून टाकल्यामुळं रेघ जमिनीवरून निघून छताला टेकल्यासारखी दिसते. मुलाची चौकटीची वही घ्या आणि तोच भाव परत काढा, खाली शून्य, एका चौकटीला ५०० रुपये. १८० रुपये म्हणजे चौकटीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं जास्त, रेघ जवळजवळ आडवी दिसंल. मग लाल पेनानं ४,८९२ वर एक आडवी रेघ मारा, हा गेल्या, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव, आणि ५,३२८ वर दुसरी, हा येणाऱ्या, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामाचा. ग्रुपवरच्या आलेखात या दोन्ही रेघा मावल्याच नसत्या. भाव "वर चाललाय" तो हमीभावाच्याही खाली, हे त्या चित्रानं झाकलं.

अजून एक बघून घ्या, बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. ग्रुपवर बहुतेक वेळा कमाल फिरतो, तो एखाद्या उजव्या ढिगाला मिळालेला. तुम्ही दर शनिवारी सर्वसाधारण उतरवा.

विकायचं का, तर हा माझा सल्ला, नीट वाचा. २२ क्विंटलचे ४,४१० नं ९७,०२० होतात, म्हणजे जवळपास तुमच्या कर्जाएवढेच. शेकडा दोननं त्याचं महिन्याचं व्याज १,९४०, क्विंटलमागं ८८ रुपये. म्हणजे भाव महिन्याला ८८ नं वाढला तर तुम्ही आहे तिथंच राहता, त्यात वाळून शेकडा एक घट आली तर आणखी ४४ गेले. ग्रुपवर "थांबा" म्हणणाऱ्या किती जणांना हे ८८ भरायचेत? त्यांना पिकलेलं ठेवायला काही लागत नाही, तुम्हाला लागतं. २०२१ ला श्रावणाच्या सुमारास सोयाबीन दहा हजारावर गेलं होतं, ते सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, आणि त्या एका सालापायी नंतरची सालं थांबून थांबून किती जणांनी घाट्यात विकलं ते मी आमच्याच भावकीत बघितलंय. उगवण चांगली निघाली तर बियाण्याचं दीड क्विंटल बाजूला काढा, वाटलंच तर जिवाच्या समाधानासाठी आणखी दोन-तीन ठेवा, बाकीचं मोंढ्यात घाला आणि हमाली-तोलाई जाऊन हातात आलेला पैसा त्याच दिवशी गटात भरा, घरी आणू नका, घरी आणला की त्याला शंभर वाटा फुटतात.

दिरांना उलट उत्तर द्यायची गरज नाही. गुंडाळ्या, डबा आणि चौकटीची वही ओट्यावर ठेवा, येता-जाता ते स्वतःच बघतील. तीन गुंडाळ्यांचे तीन आकडे निघाले की मला कळवा, किलो किती टाकायचं ते परत एकदा जुळवून बघू.